रात्र कशी जाईल?

मुलाचं ऑपरेशन ठरलं की आईवडील सर्जनला वीस प्रश्न विचारतात. टाके किती, खर्च किती, आंघोळ कधी घालायची, शाळेत कधी पाठवायचं. मी भूलतज्ज्ञ. माझ्या वाट्याला बहुधा एकच प्रश्न येतो, तोही दबक्या आवाजात: "मॅडम, शुद्धीवर येईल ना?" येईल, असं मी सांगते आणि त्यांचा जीव भांड्यात पडतो. त्याच्या पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून ते मीच काढते. शुद्धीवर आल्यावर काय? चिरलेली जागा आहे, ती दुखणार. संध्याकाळी दुखेल, घरी जाताना एस.टी.त दुखेल, रात्री दोन वाजता सगळं घर झोपलेलं असताना दुखेल. त्याची सोय ऑपरेशनच्या आधीच करावी लागते आणि लहान मुलांच्या बाबतीत ती चांगली करता येते. या लेखात सांगायचंय ते त्या सोयीबद्दल.

सांगली-मिरजेत मी काम करते. एका हॉस्पिटलला बांधलेली नाही. फोन येईल तिकडे जायचं. जिल्ह्याच्या गावातले अनेक भूलतज्ज्ञ असेच फिरते असतात. गाडीच्या डिकीत आमची बॅग असते आणि माझ्या बॅगेचा एक कप्पा नुसता लहान मुलांचा: तळहाताएवढे मास्क, करंगळीएवढ्या नळ्या, आखूड सुया. मुलं येतात ती जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून, काही पलीकडच्या अथणीहून. कुणाला हर्निया, कुणाची गोटी खाली उतरलेली नाही, कुणाचं लघवीचं भोक भलत्या जागी, कुणाचं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. पूर्वी यातली बरीच मुलं तशीच मोठी व्हायची. २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते आणि मुलं लवकर आमच्यापर्यंत पोचतात. तीन-चार वर्षांचं पोर ऑपरेशनला आलेलं आता मी नेहमी बघते.

छोट्या हॉस्पिटलमधली रात्र कशी असते ते आधी सांगते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. वॉर्डात एक सिस्टर, एक मावशी, आणि बारा-पंधरा पेशंट. मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशननंतर मुलाला फेन्टॅनिल किंवा मॉर्फिनसारखं जोरदार औषध देता येतं, कारण तिथे रात्रभर श्वासावर आणि ऑक्सिजनच्या आकड्यावर नजर ठेवणारं माणूस असतं. या औषधांनी दुखणं जातं, पण जास्त झालं तर श्वास मंदावतो. शिवाय ती अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची भानगड पुष्कळ सुटसुटीत झाली. तरीही नोंदवही, कुलूप, हिशेब हे सगळं सांभाळण्यापेक्षा ती न ठेवलेलीच बरी, असं छोट्या ठिकाणी पुष्कळांना वाटतं. मग उरतं काय? पॅरासिटामॉल, आणि आईची मांडी. नुसत्या तेवढ्यावर हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या पोराने रात्र काढावी, हे मला पटत नाही.

म्हणून आम्ही दुखणाऱ्या भागाची नसच काही तासांपुरती बधिर करतो. इंग्रजी वळणाने याला आम्ही आपसात 'ब्लॉक' म्हणतो. दाढ काढताना डॉक्टर हिरडीत सुई देतात तीही याच जातीची गोष्ट. जखमेची वर्दी नसेतून मणक्याकडे आणि तिथून मेंदूकडे जाते. मधल्या वाटेवर नसेभोवती औषध सोडलं की वर्दी पुढे जात नाही. मेंदूला गुंगीत ठेवावं लागत नाही, श्वासाला धक्का लागत नाही, आणि रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरवर भार पडत नाही. यासाठी लागणारं सामान म्हणजे एक सुई, एक बाटली औषध आणि ते देणारा शिकलेला हात. ज्या हॉस्पिटलात रात्री माणसं कमी, तिथे ब्लॉकची गरज सर्वांत जास्त, असं माझं मत आहे. आणि नेमकं तिथेच 'कशाला एवढं, लहान मूल तर आहे' असं म्हणून तो टाळला जातो.

मुलांमध्ये आम्ही सगळ्यात जास्त देतो तो कॉडल. कसा देतो ते सांगते. समजा तीन वर्षांचा, बारा किलोचा मुलगा आहे, जांघेतला हर्निया. आधी मास्कमधून सेवोफ्लुरेनचा वास देऊन त्याला झोपवायचं. झोपला की हाताला सलाईनची सुई, श्वासाची सोय. मग सिस्टर त्याला डाव्या कुशीवर घेते आणि गुडघे पोटाशी धरते. कमरेच्या खाली, दोन नितंबांची घडी जिथे सुरू होते तिथे बोट फिरवलं की दोन बारीक हाडांचे उंचवटे लागतात. त्या दोघांच्या मध्ये हाड नाही, नुसता पडदा आहे. मोठ्या माणसात हा भाग जाड होतो, कधी हाडानेच बुजतो; लहान मुलात तो बोटाला सहज सापडतो. बीटाडीनने जागा स्वच्छ करून तिरकी सुई आत सरकवली की पडदा ओलांडताना बोटांना एक हलकासा 'टप्' जाणवतो. तो एकदा कळला की हात विसरत नाही. सुईतून रक्त येत नाही ना, पाणी येत नाही ना, हे बघायचं आणि मग औषध थोडं थोडं, थांबत थांबत, एक डोळा मॉनिटरवर ठेवून सोडायचं. ब्युपिव्हॅकेन पाव टक्क्याचं, किलोला एक मिली, म्हणजे या मुलाला बारा मिली. हे किलोला एक मिलीचं गणित १९७९ मध्ये आर्मिटेज नावाच्या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने घालून दिलं. खतना किंवा लघवीच्या जागेचं ऑपरेशन असेल तर अर्धा मिली पुरतो, जांघेसाठी एक. एवढं सगळं पाच-सात मिनिटांत होतं. त्या पाच-सात मिनिटांत सर्जन हात धुऊन, गाऊन घालून, "झालं का मॅडम?" असं दोनदा विचारतो.

ब्लॉक लागला की नाही हे झोपलेलं मूल सांगू शकत नाही. सांगतो तो मॉनिटर. सर्जनने पहिला चिरा दिला की मी जखमेकडे बघत नाही, नाडीच्या आकड्याकडे बघते. ब्लॉक नसेल तर एकशे दहावर चाललेली नाडी चिऱ्याबरोबर एकशे तीस-चाळीसवर उडी घेते, श्वास भराभर होतो. ब्लॉक नीट बसला असेल तर आकडा जागचा हलत नाही. मग मी भुलीचा वायू कमी करते, कारण मुलाला फक्त झोप हवी असते. दुखणं थांबवायचं काम खाली चाललेलंच असतं. वायू कमी लागला की मूल लवकर जागं होतं, उलट्या कमी होतात आणि जागं झाल्यावर ते आधी पाणी मागतं, मग बिस्किट.

वाचणाऱ्याला प्रश्न पडेल की मोठ्या माणसाला तर जागं ठेवून पाठीत सुई देतात, मग मुलाला आधी झोपवून कसं चालतं? मोठ्याला जागं ठेवायचं कारण असं की सुई नसेला लागली तर तो 'झिणझिण्या आल्या' असं सांगतो. तीन वर्षांचं पोर तसं सांगणार नाही. ते हातपाय झाडेल आणि सुई हलेल, आणि हलणारी सुई जास्त धोक्याची. अमेरिकेतल्या मुलांच्या इस्पितळांनी २००७ पासून आपापल्या ब्लॉकची एकत्र नोंद ठेवली. २०१८ मध्ये त्यांनी एक लाखाहून जास्त ब्लॉकचा हिशेब मांडला. बहुतेक ब्लॉक झोपलेल्या मुलांना दिलेले होते. कायमचा लकवा किंवा नसेची कायमची इजा एकालाही झाली नव्हती. काही काळ टिकून मग गेलेला बधिरपणा किंवा अशक्तपणा दहा हजारांत दोन-तीन जणांना, आणि औषध रक्तात चढून झालेला गंभीर त्रास दहा हजारांत एकापेक्षाही कमी.

हे आकडे मी आजीसाठी पाठ केलेत. ऑपरेशनच्या खोलीबाहेर आईवडील असतात, पण निर्णय पुष्कळदा आजीच्या हातात असतो आणि तिचं म्हणणं ठरलेलं: "मणक्यात सुई नको. सुनेला बाळंतपणात दिली, तेव्हापासून कंबर गेली." तिचं ऐकून घ्यायचं. मग सांगायचं की बाळंतपणानंतरची कंबरदुखी सुई न घेतलेल्या बायकांनाही होते. नऊ महिने पोटात ओझं, नंतर कडेवर ओझं आणि शेतातली वाकून केलेली कामं यांनी ती होते. आणि मुलाला देतो ती सुई कमरेच्या मणक्यात नाही, त्याच्या पुष्कळ खाली, माकडहाडाच्या जवळ. तिथपर्यंत मज्जारज्जू पोचतच नाही. तो त्याच्या बराच वर संपतो. आजी मान हलवते, पण पटलं असं म्हणत नाही. नातू जागा होऊन खिदळला की मग पटतं.

दुसरी भीती शिकलेल्या आईवडिलांची. मोबाइलवर काहीतरी वाचून येतात: भुलीने लहान मुलाचा मेंदू मंद होतो का? यावर सात देशांतल्या अठ्ठावीस इस्पितळांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. हर्नियाच्या सातशेवर तान्ह्या बाळांपैकी निम्म्यांना वायूची भूल दिली, निम्म्यांना जागं ठेवून फक्त ब्लॉकवर ऑपरेशन केलं. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी मुलांची बुद्धी तपासली. दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे तासाभराच्या एका भुलीची धास्ती घ्यायचं कारण नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं मात्र वेगळी. भुलीनंतर ती कधीकधी श्वास घ्यायलाच विसरतात, म्हणून अमेरिकेत व्हर्मांटच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये अशा बाळांना जागेपणीच पाठीत सुई देऊन ऑपरेशनं करायची वाट दाखवली. साखरेच्या पाण्यात बुडवलेली चोखणी तोंडात दिली की कमरेखाली काय चाललंय याची बाळाला खबरही नसते.

खरं तर मुलांना अशी सुई देणं हे काही कालपरवाचं नाही. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअरने १८९८ मध्ये पाठीत कोकेन सोडून कमरेखालचा भाग बधिर करून दाखवला. त्याच्या पहिल्याच मोजक्या पेशंटांत एक अकरा वर्षांचा मुलगा होता. लंडनमध्ये टिरेल ग्रेने १९०९-१० च्या सुमाराला मुलांच्या दोनशे केसेस छापल्या. कॉडल मुलांना द्यायला १९३३ मध्ये मेरेडिथ कॅम्पबेल या मूत्ररोगाच्या सर्जनने सुरुवात केली. मग पुढची कितीतरी वर्षं ही विद्या मागे का पडली? वायूची भूल सुधारली हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त खुपतं. लहान मुलांना दुखतच नाही, दुखलं तरी लक्षात राहत नाही, असा वैद्यकातल्या भल्याभल्यांचा समज होता.

हा समज किती खोल होता ते एका जुन्या अभ्यासातून कळतं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या जो इलंड या परिचारिकेने आणि तिच्या सहकारी अँडरसनने ऑपरेशन झालेल्या पंचवीस मुलांचे कागद तपासले. तेरा मुलांना दुखण्याचं एकही औषध मिळालं नव्हतं. उरलेल्या बारा जणांना मिळून चोवीस डोस. तशाच आजारांच्या अठरा मोठ्या माणसांना मिळालेले डोस होते सहाशे एकाहत्तर. नवजात बाळांची गत याहून वाईट होती. छातीचं ऑपरेशन करतानाही त्यांना फक्त हालचाल थांबवणारं औषध आणि थोडा हसवणारा वायू द्यायचे. हे चुकीचं आहे हे सिद्ध करणारा डॉक्टर आपल्या शेजारच्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकून ऑक्सफर्डला गेलेला होता: कंवलजीत आनंद. १९८७ मध्ये त्याने दाखवलं की नीट वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर ऑपरेशनचा ताण कमी येतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. दहा वर्षांनी कॅनडातल्या अॅना टॅडिओने आणखी एक गोष्ट पुढे आणली. जन्मल्यावर काहीही न देता खतना केलेली बाळं चार-सहा महिन्यांची होऊन लशीची सुई घ्यायला आली, तेव्हा ती इतर बाळांपेक्षा जास्त कळवळून रडत. बाळाला आठवत नसेल, पण त्याच्या अंगाने ते दुखणं सोडलेलं नव्हतं.

आता औषधाबद्दल थोडं, कारण खरा धोका सुईचा नाही, मापाचा आहे. नस बधिर करणारं औषध जादा झालं किंवा चुकून रक्तवाहिनीत गेलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं यकृत कोवळं असतं, औषध लवकर निकामी करत नाही, म्हणून तिथे माप आणखी आखडतं घ्यायचं. सगळा हिशेब किलोवर चालतो, आणि किलो 'दहा-बारा असेल' असं ऐकून धरायचे नसतात. मुलाला मी स्वतः काट्यावर उभं करते, आणि उभं राहत नसेल तर आईच्या कडेवर देऊन आईलाच उभं करते आणि मग आईचं एकटीचं वजन वजा करते. औषधाची सिरिंज भरून त्यावर मिलीग्रॅम लिहिते. आणि ऑपरेशनच्या खोलीत, म्हणजे ओटीत, एक पांढरी, दुधाळ बाटली आहे का ते बघितल्याशिवाय सुरुवात करत नाही. ते चरबीचं सलाईन. १९९८ मध्ये शिकागोच्या गाय वाइनबर्गने उंदरांवर दाखवलं की ब्युपिव्हॅकेनची विषबाधा झाली तर हे सलाईन शिरेतून सोडलं की औषधाचा जोर उतरतो. आज जगभर त्याचाच आधार घेतात. दोन-तीन ठिकाणी मी ते हट्टाने ठेवून घेतलंय. मुदत संपली की फेकावं लागतं, त्याबद्दल मालक कुरकुरतात, कुरकुरू देत.

मोठ्या शहरांत आता सोनोग्राफी बघत बघत ब्लॉक देतात. मुलांची चामडी पातळ, नसा वरवर. पडद्यावर सगळं लख्ख दिसतं. पोटाच्या स्नायूंचे पापुद्रे एकावर एक, आणि त्यांच्या मध्ये हर्नियाच्या जागेला जाणाऱ्या दोन नसा, मोहरीच्या दाण्यांसारखे दोन काळे ठिपके. सुईचं टोक त्यांच्याशेजारी येताना दिसतं आणि औषध सोडलं की ठिपक्यांभोवती काळं तळं पसरतं. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की असं बघून दिलं तर औषध आधीच्या मानाने बरंच कमी पुरतं. आणि पाय बधिर होत नाहीत, फक्त जखमेची जागा. मुलासाठी हे केव्हाही चांगलं.

पण माझ्यासारख्या फिरत्या माणसाची यात एक अडचण आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याने सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र त्या त्या जागेवर नोंदवलेलं असावं लागतं. मशीन डिकीत टाकून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरता येत नाही. तीन वर्षांच्या मुलाची जांघ बघायलाही मला 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे' या पाटीखालच्या मशीनपाशीच यावं लागतं. या जिल्ह्याने आणि शेजारच्यांनी मुलींचं जे केलं ते बघता कायदा कडक हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग ज्या हॉस्पिटलात नोंदलेलं मशीन नाही तिथे बोटाने चाचपून दिलेला कॉडलच कामाला येतो, आणि तो चांगला येतो.

सगळीकडे ब्लॉक चालत नाही. टॉन्सिलला नाही, घसा बधिर करून ठेवला तर रक्त घशात उतरलेलं मुलाला कळणार नाही. रक्त गोठत नसेल, सुईच्या जागी पू असेल, मणक्याच्या तळाशी जन्मजात दोष दिसत असेल तर कॉडल नाही. आणि कोपराच्या वरचं मोडलेलं हाड. आंब्याच्या आणि जांभळाच्या दिवसांत झाडावरून पडलेली मुलं येतात त्यातलं हे नेहमीचं. हाताला सूज चढून आतल्या स्नायूंचा रक्तपुरवठा गुदमरू शकतो, आणि त्याची पहिली खूण म्हणजे न थांबणारं, वाढत जाणारं दुखणं. ती खूणच बंद करायची का? हलक्या मात्रेचा ब्लॉक देऊन हात तासातासाला तपासला तर चालतं, असं म्हणणारे जाणते लोक आहेत, आणि त्यांचं चुकीचं नाही. पण तासातासाला कोण तपासणार? जिथे ते माणूस नाही तिथे मी कोपराला ब्लॉक देत नाही, औषधांवर भागवते.

मुलाला किती दुखतंय हे ओळखणं ही वेगळीच विद्या. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला चेहऱ्यांचं चित्र दाखवतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा. ते १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉना वाँग आणि कॉनी बेकर यांनी मुलांकडूनच चेहरे काढून घेऊन बनवलं. त्याहून लहानांसाठी आपणच बघायचं: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं, आणि जवळ घेतल्यावर शांत होतं का, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. पण गुण मोजूनही मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती गप्प मुलाची. जखमेकडचा पाय वर ओढून घेतलेला, कार्टून चालू आहे तरी तिकडे बघत नाही, सिस्टर आली की डोळे मिटतो. विचारलं तर म्हणतो, "नाही दुखत." कारण दुखतं म्हटलं तर सुई टोचतील, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. अशा वेळी त्याला विचारूच नये, आईला विचारावं. रोजचा आहे का हा? ती सांगते. उलट, शुद्धीवर येताच आरडाओरडा करून हातपाय झाडणारं प्रत्येक मूल दुखण्यानेच तसं करत नसतं. सेवोफ्लुरेन उतरताना काही मुलं दहा-पंधरा मिनिटं भ्रमात असतात, आईलाही ओळखत नाहीत. ब्लॉक चांगला लागलेला असेल तर आम्ही धीर धरतो, आणि ते आपोआप निवतं.

आणि आता रात्र. सकाळी साडेदहाला दिलेला कॉडल चार ते सहा तास चालतो. क्लोनिडीन नावाच्या औषधाचा थोडा अंश मिसळला तर आणखी काही तास. तेवढ्यात मूल खातं, पितं, खेळतं, सर्जन खूश होऊन संध्याकाळी घरी सोडतो, आणि ब्लॉक उतरतो तो जतच्या रस्त्यावर. सकाळभर मजेत असलेलं मूल एकदम कळवळतं आणि घरच्यांना वाटतं, आत काहीतरी फाटलं. म्हणून ब्लॉक उतरायच्या आधी औषध पोटात गेलेलं पाहिजे. ऑपरेशन संपतानाच एक पॅरासिटामॉल आम्ही देऊन ठेवतो. पुढचे डोस मी वेळा घालून कागदावर लिहिते: संध्याकाळी चार, रात्री दहा, पहाटे चार. 'दुखलं तर द्या' असं लिहीत नाही, कारण तसं लिहिलं की दुखेपर्यंत थांबतात आणि मग सिरप चढायला अर्धा-पाऊण तास जातो. पहिले दोन दिवस मूल झोपलेलं असलं तरी उठवून द्यायचं.

सिरपचीही एक खोच आहे. आपल्याकडे पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींचं मिळतं, पाच मिलीत सुमारे सव्वाशे मिलीग्रॅम आणि पाच मिलीत अडीचशे. थेंबांची बाटली तर त्याहून कडक. बारा किलोच्या मुलाला एका बाटलीतून सात मिली लागतात, दुसरीतून साडेतीन. गावातला मेडिकलवाला जी आहे ती देतो आणि आई कागदावरचे 'सात मिली' मोजते. म्हणून घरी सोडायच्या आधी बाटली आणून दाखवायला सांगते. बिनसुईची सिरिंज देते आणि आईला माझ्यासमोर औषध भरायला लावते. चमचा नको, झाकण नको. आणि सर्दीच्या कित्येक औषधांत पॅरासिटामॉल असतंच, ते वरून देऊ नका, हेही सांगते.

पायांचं एक सांगायचं राहिलं. कॉडलनंतर काही तास पाय जड असतात. मुलं घाबरतात, "माझा पाय कुठाय?" म्हणून रडतात, हात लावून दाखवलं की गप्प होतात. तोवर त्याला एकटं उभं करायचं नाही. आणि शेक द्यायचा नाही. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं, काही नाही. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

मोठ्या मुलांना मी विचारून करते. अपेंडिक्सला आलेली बारा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "पाय बधिर झालेले मला अजिबात नको." तिचं म्हणणं रास्त होतं. तिथे सोनोग्राफी नव्हती, म्हणून सर्जनला सांगितलं की टाके घालताना जखमेच्या कडांना औषध सोडा. त्याने सोडलं, आणि पहिले काही तास तिचे बरे गेले. ब्लॉक देणारं कुणी नसेल तरी हे कुठल्याही सर्जनला जमण्यासारखं आहे. औषध प्रत्येक ओटीच्या कपाटात असतं. फक्त आधी एकमेकांशी बोलावं लागतं: मी कॉडलमध्ये पूर्ण माप दिलं असेल तर सर्जनने वरून आणखी सोडायचं नाही, कारण किलोचा हिशेब दोघांचा मिळून एकच असतो.